समुद्र मोठा आहे, म्हणून?

‘समुद्र केवढा मोठा आहे, त्याला काय फरक पडतो?’ या एका वाक्यावर मुंबईनं दीडशे वर्षं काढली. मैला सोडला, समुद्र मोठा आहे. भराव घातले, समुद्र मोठा आहे. खाडीच्या कडेला कचऱ्याचे डोंगर रचले, तरी समुद्र मोठाच. आता हेच वाक्य टाय लावून, स्लाइड्स घेऊन नव्यानं आलं आहे. समुद्राचं पाणी यंत्रात घालून गोडं करायचं आणि मागे उरलेलं दुप्पट खारं पाणी पुन्हा समुद्रात सोडायचं. समुद्र मुळात खाराच, त्यात आणखी मीठ गेलं तर बिघडलं कुठं, असा बिनतोड सवाल.

मी मालाडचा. पाणीकपातीच्या दिवसांत बादल्या भरून ठेवणाऱ्यांतलाच एक. त्यामुळे ‘तुम्हाला नळाला पाणी येतं म्हणून माशांचा पुळका’ हा टोमणा मला मारू नये. पाणी मलाही हवं आहे. फक्त ते आणताना कुणाच्या मुंडीवर पाय पडतो आहे, हे बघायची सवय मी अजून मोडलेली नाही.

मुंबई महापालिकेनं जून २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई टेक्नॉलॉजीज या कंपनीशी सामंजस्य करार केला. मालाडजवळच्या मनोरीला रोज २०० दशलक्ष लिटर, आणि पुढे वाढवून ४०० दशलक्ष लिटर समुद्राचं पाणी गोडं करायचं. बांधायला सुमारे १,६०० कोटी आणि वीस वर्षं चालवायला सुमारे १,९२० कोटी, असा तेव्हाचा हिशेब. डिसेंबर २०२३ मध्ये निविदा निघाली, मग मुदतवाढीला मुदतवाढ. मधल्या काळात राज्यात सरकारं बदलली, झेंडे बदलले, पण हा प्रकल्प कुणी टाकून दिला नाही. या शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या सरकारांचं इतकं सहज एकमत होतं, तेव्हा शहाण्यानं आधी खिशावर हात ठेवावा.

यंत्राची करामत समजायला अवघड नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी ५५ ते ७० बार इतक्या प्रचंड दाबानं पातळ पडद्यांवर ढकलायचं. शंभर लिटर ओढलं की चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं हाती लागतं. बाकीच्या पंचावन्न-साठ लिटरमध्ये शंभर लिटरचं सगळं मीठ गोळा होतं, म्हणजे लिटरमागे साठ ग्रॅमच्या आसपास. मनोरीत २०० दशलक्ष लिटर गोडं पाणी निघणार असेल, तर रोज अडीचशे ते तीनशे दशलक्ष लिटर असलं पाणी मागे उरणार. आणि त्यात नुसतं मीठ नसतं. पाइपात शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन, गाळ बसावा म्हणून फेरिक क्लोराइड, पडद्यांवर क्षारांची पुटं चढू नयेत म्हणून आणखी एक रसायन, आणि क्लोरीननं पडदे खराब होतात म्हणून त्या क्लोरीनवर उतारा म्हणून सोडियम बायसल्फाइट. या सगळ्याचा उरलासुरला अंश कुठे जातो, ते सांगायला नको.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली जगाचा हिशेब मांडला. १७७ देशांत मिळून चालू प्रकल्प १५,९०६. रोज तयार होणारं गोडं पाणी साडेनऊ कोटी घनमीटर, आणि मागे उरणारं अतिखारं पाणी १४ कोटी २० लाख घनमीटर. म्हणजे एक लिटर पाण्यापाठी सरासरी दीड लिटर घाण. यातली निम्म्याहून जास्त सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार या चार देशांची, आणि त्यातली बरीचशी जाते ती पर्शियन आखातात. ते आखात उथळ, सरासरी खोली पस्तीसेक मीटर, आणि बाहेर पडायला होर्मुझची चिंचोळी वाट. रत्नागिरीचा, रायगडचा माणूस तिथे तीस-तीस वर्षं तेच पाणी पिऊन पैसे घरी पाठवतो आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आखाताकडे पर्याय नव्हता. आपल्याकडे काय नाही? वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस नाही, की सात तलाव नाहीत?

‘पण ते पाणी समुद्रात मिसळून जातं ना?’ जातं, पाइपाच्या तोंडाशी चांगली नोझल्स बसवली आणि प्रवाह जोरात असला तर. नसला तर हे पाणी जड असतं म्हणून खाली बसतं आणि तळावरून पसरत जातं. वरून बोटीतून बघणाऱ्या अधिकाऱ्याला निळाशार समुद्र दिसतो. खाली तळाच्या थरात ताजा प्राणवायू पोचेनासा होतो आणि तिथे राहणारे किडे, शिंपले, चिंबोऱ्या यांना उठून दुसरीकडे भाड्यानं खोली घ्यायची सोय नसते. स्पेनच्या किनाऱ्यावर पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं आहेत. खारटपणा थोडासा वाढला तरी ती झुरतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि मग काही प्रकल्पांना ते पाणी आधी पातळ करून सोडावं लागलं.

मी कुणाला घाबरवायला बसलेलो नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सिडनीच्या कर्नेल प्रकल्पाचा काही वर्षं अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे मीठ झपाट्यानं पातळ होत होतं. तरीही तोंडापासून शंभरेक मीटरच्या आत तळावरच्या जीवांची वस्ती बदलली. संशोधकांचा रोख मिठापेक्षा नोझलमधून सुटणाऱ्या जोरदार झोताकडे होता. मीठ पातळ करायचं तर झोत जोरात हवा, आणि झोत जोरात असला की तोच काहींच्या मुळावर येतो. प्रकल्प बंद झाल्यावर परिस्थिती बरीच सावरली, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे नुकसान सगळीकडे सारखं नसतं. ते जागेवर, खोलीवर, प्रवाहावर आणि तिथे आधीपासून कोण राहतं यावर ठरतं. म्हणूनच आधी मोजायचं असतं. आपल्याकडे आधी निविदा निघते, मोजणीचं मग बघू.

मात्र या सगळ्या मिठाच्या चर्चेत खरा घात झाकला जातो. तो पाणी सोडताना होत नाही, ओढताना होतो. दोनशे दशलक्ष लिटर गोडं पाणी मिळवायला रोज साडेचारशे ते पाचशे दशलक्ष लिटर समुद्र ओढावा लागतो. ते काही बाटलीतलं पाणी नव्हे. त्यात माशांची अंडी असतात, कोळंबीची आणि चिंबोरीची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात, ज्यांच्यावर बाकीचे सगळे जगतात ते सूक्ष्म जीव असतात. मोठे मासे जाळीला चिकटून मरतात. ओढ मंद ठेवली तर त्यातले बरेच वाचवता येतात. पण अंडी-पिल्लं जाळीच्या भोकांतून सरळ आत जातात, आणि आत गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही.

आता सरकारची अक्कल बघा. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. का? तर मासे अंडी घालतात, त्यांना निवांतपणा हवा. रास्त आहे. कोळी तेवढे दिवस बोटी ओढून ठेवतो, जाळी विणत बसतो, कर्ज काढतो, आणि नियम मोडला तर दंड भरतो. २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. अमुक मापाहून लहान मासा धरायचा नाही, असे नियमही आले. लहान पापलेट विकायला ठेवलं म्हणून कोळणीला कायद्याचा धाक. आणि दुसरीकडे तेच सरकार, त्याच समुद्रात, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, दिवसाचे चोवीस तास अंडी ओढणारा पंप बसवायला निघालं आहे. त्या पंपाला मापाचा नियम नाही, जून-जुलैची सुट्टी नाही, आणि दंडाची पावती फाडायला कुणी येणार नाही. मनोरी, गोराई, मढ, वेसाव्याच्या माणसाला तुम्ही ‘मासा वाढू दे’ म्हणून सांगता, ते कोणत्या तोंडानं?

त्यातून मनोरीला लागून खाडी आहे. कोळंबीची बाळं खोल समुद्रात जन्मतात आणि वाढायला खाडीत, खाजणात येतात. तिथलं पाणी निमखारं असतं, तिवरांच्या मुळांशी आसरा असतो. ओहोटीला बाया चिखलात उतरून शिवल्या काढतात, कालवं फोडतात, निवट्या धरतात. डोल जाळं तर पूर्णपणे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. प्रवाह आणतो ते घ्यायचं, त्याच्या मागे इंजिन लावून धावायचं नाही. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी ही गरिबाच्या ताटातली मासळी त्यातूनच येते. या बायांची खाडीतली कमाई कुठल्याही सरकारी तक्त्यात येत नाही. जे मोजलंच नाही ते गेलं तरी भरपाई कसली देणार? मालाडच्या बाजारात मी ज्यांच्याकडून मासळी घेतो त्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘जाल्यान मावरा कमी न् पिशव्याच जास्त. आता आनखी काय सोडतान, सोडू दे.’ त्यात राग नव्हता. मला रागापेक्षा तेच जास्त झोंबलं.

आता सगळ्यात निर्लज्ज भाग. मालाडच्या खाडीत शहराचा मैला पिढ्यान्‌पिढ्या जातो आहे. त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं महापालिकेला दंडही ठोठावला. अखेर सात ठिकाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचं काम निघालं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर, एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. त्यांपैकी एकट्या मालाडची ४५४. हे अर्धं जरी नीट शुद्ध करून बागा, बांधकामं, कारखाने, कुलिंग टॉवर आणि संडासांच्या टाक्यांना दिलं, तर २२७ दशलक्ष लिटर पिण्याचं पाणी मोकळं होतं. मनोरीचा कारखाना देणार २००. मनोरीपासून काही किलोमीटरवर, त्याच किनाऱ्याला, आपण मनोरीपेक्षा जास्त पाणी गटारात घालून समुद्राला देतो, आणि मग तेच पाणी मिठासकट उपसून, साडेतीन हजार कोटी मोजून परत घेतो. यात मीठ काढायला जी वीज लागते ती हजार लिटरमागे तीन ते चार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर नुसत्या विजेचे २४ ते ३२ रुपये. महापालिका घरगुती ग्राहकाकडून हजार लिटरला घेते सहा-साडेसहा रुपये. मधला फरक कोण भरणार, हे विचारू नये. विचारलं की ‘विकासविरोधी’.

आणि इस्रायलचं नाव घेताना पूर्ण घ्यावं. त्या देशानं समुद्राचं पाणी गोडं करायचे मोठे कारखाने उभारले, हे खरं. पण त्याच देशानं आपलं ८५ टक्क्यांहून जास्त सांडपाणी शुद्ध करून शेतीला दिलं. आधी गटारातला थेंबन्‌थेंब परत वापरला आणि त्याच्या जोडीला समुद्र. आपण त्यांच्याकडून आणायला निघालो फक्त यंत्र. शिस्तीला निविदा काढता येत नाही, त्यात कमिशन नसतं.

गळतीचंही तसंच. रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मुंबईत येतं, आणि गळती, चोरी, बेहिशेबी मिळून तीस टक्क्यांच्या आसपास वाटेतच गायब होतं. म्हणजे हजार दशलक्ष लिटरहून जास्त. पाच मनोऱ्या रोज रस्त्याखाली जिरतात किंवा टँकरवाल्यांच्या घशात जातात. २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची सक्ती आहे. आमच्या भागातल्या किती सोसायट्यांत ती यंत्रणा कागदाबाहेर आली आहे, ते एकदा गच्चीवर जाऊन बघा.

मनोरीच्या समर्थनात एक युक्तिवाद मात्र असा होता की ऐकून मीही थबकलो. वाडा तालुक्यात गारगाई धरण बांधायचं तर तानसा अभयारण्याचं जंगल जाणार, लाखो झाडं तुटणार, आदिवासींची गावं उठणार. त्यापेक्षा समुद्राचं पाणी बरं, जंगल वाचेल. २०२० साली गारगाई बाजूला ठेवून मनोरी पुढे आली ती या जोरावर. ऐकायला किती सोज्वळ! पण नीट बघा, शहरानं काय केलं. आपल्या तहानेचं ओझं वारल्याच्या डोक्यावरून उचललं आणि कोळ्याच्या डोक्यावर ठेवलं. स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा विचारसुद्धा शिवला नाही. आणि पुढे झालं काय? मनोरी रेंगाळली, तशी गारगाई पुन्हा फायलीतून बाहेर आली. आता दोन्ही हवेत. एका गरिबाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याला पुढे केलं, आणि शेवटी दोघेही यादीत. शेजारच्या शहापूर तालुक्याला हे नवं नाही. तानसा, भातसा, वैतरणा त्यांच्या उशाशी, आणि उन्हाळ्यात टँकरही त्यांच्याच पाड्यांवर.

हे सगळं कल्पनेतलं आहे असं वाटत असेल तर चेन्नईला जा. तिथे मिंजूरचा १०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प २०१० साली सुरू झाला, नेम्मेलीचा तेवढाच २०१३ साली. नेम्मेलीच्या शेजारच्या मच्छीमार वस्त्यांनी किनारा खचतो, मासळी दूर जाते म्हणून आंदोलनं केली. शहराला काय मिळालं? २०१९ च्या जूनमध्ये, दोन्ही कारखाने उभे असताना, चेन्नईचे तलाव कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पल्लीकरणैची पाणथळ जमीन इमारतींनी आणि कचऱ्यानं आधीच गिळली होती, तिच्यात मुरणारं पाणी कारखाना कुठून आणणार? यावर सरकारनं काढलेला निष्कर्ष असा की कारखाने कमी पडले. २०२४ साली नेम्मेलीतच आणखी १५० दशलक्ष लिटरचा प्रकल्प सुरू झाला, आणि पेरूरला ४०० दशलक्ष लिटरचं काम काढलं.

नकार देता येतो का? येतो. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचला जवळपास मनोरीएवढाच, रोज सुमारे १९० दशलक्ष लिटरचा प्रकल्प एका कंपनीनं वीस वर्षं रेटला होता. गव्हर्नरही बाजूनं. १२ मे २०२२ रोजी तिथल्या किनारपट्टी आयोगानं तो ११ विरुद्ध ० मतांनी फेटाळला. कारणं दोनच सांगतो. समुद्री जीवांची हानी, आणि महागड्या पाण्याचा बोजा गरीब घरांवर पडेल ही भीती. मासा आणि गरीब माणूस एकाच निकालपत्रात, एकाच बाजूला. आणि हा आयोग यंत्राचा वैरी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं डोहेनीच्या छोट्या प्रकल्पाला एकमतानं परवानगी दिली, कारण तिथे पाणी समुद्रतळाच्या वाळूखालच्या तिरक्या विहिरींतून घेतलं जाणार होतं. वाळूच गाळणी, अंडी-पिल्लं वर सुखरूप.

यंत्राला माझाही विरोध नाही. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं रोज एक लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभारला. नदी नाही, तलाव नाही, विहिरीत खारं पाणी. तिथे दुसरं करणार काय? मुंबईनं कवरत्तीची गरज सांगू नये. मुंबईची गरज वेगळी आहे. तिला गळक्या पाइपाला हात न लावता, एकाही बिल्डरला न दुखवता, जलतरण तलावात आणखी पाणी हवं आहे.

राहिला तहानलेल्या माणसांचा मुद्दा. ‘माशांचं कौतुक करता, झोपडपट्टीतल्या बाईचं काय?’ हा प्रश्न मला नेहमी टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरूनच का विचारला जातो, कळत नाही. झोपडपट्टीसाठी महापालिकेचं प्रमाण माणशी ४५ लिटर, इमारतीसाठी १३५. हा फरक समुद्रानं ठरवला नाही. अनधिकृत वस्त्यांनाही पाणी द्या, हा २०१४ सालचा निकाल मिळवायला पाणी हक्क समिती या संघटनेला उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि महापालिका विरोधात उभी होती. तेव्हा ही कळकळ कुठे होती? मनोरीचं महागडं पाणी त्या बाईच्या हंड्यात पडेल, असं एकानं तरी लेखी द्यावं.

तेव्हा महापालिकेला एवढंच सांगणं आहे. मनोरीच्या समुद्रात वर्षभर, पावसाळ्यासकट, अंडी किती, पिल्लं किती, कुठल्या जातीची, हे आधी मोजा. किती ओढली जातील आणि तळाचं काय होईल, ते साध्या मराठीत छापा. तो अहवाल मनोरी, गोराई, मढ आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यांत, भर सभेत वाचून दाखवा आणि तिथल्या बायांचे प्रश्न ऐकून घ्या. मालाडचं सांडपाणी केंद्र पूर्ण क्षमतेनं चालवा आणि गळती अर्ध्यावर आणा. तोवर त्या समुद्रात एक पाइपही टाकू नका.